परिचित नगरीचे पुनर्दर्शन

अपरिचित नगरीस प्रथम जाणे आणि परिचित नगरीकडे पुन्हा वळणे या दोहोंनाही आपण प्रवास हेच नाव देतो. परंतु त्या दोन गोष्टींची जात निराळी आहे. पहिल्या भेटीत सारे काम डोळ्यांना असते. कोठे उतरावे, काय पाहावे, काय चुकवू नये, या घाईत दिवस कसे जातात ते कळत नाही. दुसऱ्या भेटीत डोळ्यांचे काम हलके होते आणि कानांचे वाढते. ओळखीच्या वळणावर जुने दुकान दिसत नाही, तेव्हा ते कोठे गेले असे विचारावेसे वाटते. आणि विचारले म्हणजे उत्तर देणारे कोणी तरी भेटते. त्या नगरीत आपले मित्र असतील, तर अशा प्रश्नोत्तरांतूनच तिची खरी ओळख होऊ लागते.

या दृष्टीने आशियातील ज्या शहरांचे पुनर्दर्शन विशेष उद्बोधक ठरावे त्यांत सिंगापूरची गणना केली पाहिजे. हे बेट लहान आहे, जमीन थोडी आहे आणि जुने पाडून नवे बांधण्याचा तेथील वेग विलक्षण आहे. पंचवीस वर्षांनी परतणाऱ्यास तेथे निम्म्या गोष्टी अनोळखी वाटतात. आपल्या देशाशी या शहराचा संबंधही जुना आहे. १८१९ साली रॅफल्सने ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने तेथे ठाणे घातले, तेव्हा त्याच्याबरोबर हिंदी शिपाई होते. पुढे पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर यांची मिळून जी सामुद्रधुनी वसाहत झाली, तिचा कारभार १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारकडे होता. सिंगापूरविषयीचे महत्त्वाचे हुकूम त्या काळी कलकत्त्याहून सुटत, ही गोष्ट आज आपल्याही फारशी स्मरणात नाही.

एखाद्या मराठी गृहस्थाची कल्पना करावी. इसवी सन २००० च्या सुमारास तो कामानिमित्त दोन वर्षे सिंगापुरात राहिला. आता निवृत्तीनंतर मित्रांना भेटावे आणि त्या वेळी धावतपळत पाहिलेली वस्तुसंग्रहालये सावकाश पाहावी, एवढ्याच हेतूने तो तेथे पुन्हा उतरला आहे. त्याचे दोन मित्र तेथे आहेत. एक तमिळ, शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त. दुसरे चिनी वंशाचे. पेढीत नोकरी करीत, तेही निवृत्त. दोघांनीही सत्तरी गाठली आहे. असे प्रवासी आणि असे मित्र अनेक असतील. म्हणून त्यांना नावे देण्याचे कारण नाही.

पहिल्याच दिवशी प्रवाशाच्या लक्षात येते, की दोन्ही मित्रांचे पत्ते बदलले आहेत. सिंगापुरात यात नवल नाही. १९६० साली तेथे गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. दुसऱ्याच वर्षी, २५ मे १९६१ रोजी, बुकित हो स्वी येथील दाट झोपड्यांच्या वस्तीला आग लागून सुमारे सोळा हजार माणसे निराधार झाली. त्यांना तातडीने घरे देण्याचे काम या मंडळाने पार पाडले आणि त्यानंतर ताडपत्रांच्या व पत्र्याच्या छपरांची जुनी खेडी एकामागून एक उठत गेली. आज त्या देशातील तीनचतुर्थांशाहून अधिक रहिवासी या मंडळाने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात. घर पक्के झाले, नळाला पाणी आले, दिवा आला. आणि ज्या अंगणात पाच भाषा बोलणारी मुले एकत्र खेळत ते अंगण गेले. मित्र या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. त्यांच्या बोलण्यात तक्रार नसते आणि प्रौढीही नसते. जे झाले ते आवश्यक होते असे ते मानतात. पण आवश्यक होते म्हणून विसरावे असे मात्र त्यांना वाटत नाही.

मग प्रश्न उरतो तो हा, की जे गेले त्याची आठवण ठेवावयाची कोणी? सामान्यतः असे समजले जाते, की त्यासाठी वस्तुसंग्रहालये आहेत. सिंगापूरने ती मन लावून उभारली आहेत, आणि त्यांतील एक विशेष प्रवाशाच्या नजरेत भरतो. तेथील अनेक संग्रहालये जुन्या सरकारी इमारतींत आहेत. जेथे पूर्वी अर्ज, साक्षी आणि शिक्के यांचा व्यवहार चाले, तेथे आता चित्रे आणि चिनी मातीची भांडी मांडलेली आहेत.

नदीच्या मुखाशी असलेली एम्प्रेस प्लेस ही इमारत याचे उत्तम उदाहरण होय. ती मुळात न्यायालयासाठी म्हणून बांधण्यात आली आणि १८६७ च्या सुमारास, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा अंमल संपला त्याच वेळी, पुरी झाली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तेथे सरकारी कचेऱ्या होत्या. जन्ममृत्यूची नोंद, नागरिकत्वाची नोंद, परदेशगमनाची कागदपत्रे, सारे तेथे चाले. २००३ सालापासून तेथे एशियन सिव्हिलायझेशन्स म्यूझियम, म्हणजे आशियाई संस्कृतींचे संग्रहालय, आहे. प्रवासी भांडी पाहण्यात गुंग असतो आणि शेजारी उभे असलेले तमिळ मास्तर छताकडे पाहत असतात. धाकट्या बहिणीच्या जन्माची नोंद करण्यासाठी वडिलांचे बोट धरून आपण येथल्या रांगेत उभे होतो, हे त्यांना आठवते. कारकुनाने नावाचे स्पेलिंग चुकीचे लिहिले आणि ते जन्मभर तसेच राहिले, हेही ते हसत सांगतात. संग्रहालयाच्या कोणत्याही पाटीवर ही हकीकत लिहिलेली नाही. आणि तरीही त्या वास्तूच्या इतिहासाचाच तो एक भाग आहे.

ही इमारत बांधली कोणी, हा प्रश्नही येथेच विचारला पाहिजे. १८२५ पासून १८७३ पर्यंत हिंदुस्थानातील काळ्या पाण्याचे कैदी सिंगापुरास पाठविले जात. ते बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतले असत. रस्ते, पूल, दलदलीत घातलेली भर, सेंट अँड्र्यूजचे मोठे चर्च, गव्हर्नरचा वाडा, अशी त्या शहराची कितीतरी बांधकामे त्यांच्या हातची आहेत. एम्प्रेस प्लेसही त्यांपैकीच. मुंबई इलाख्यातून गेलेल्या या कैद्यांत मराठी बोलणारी माणसेही असणारच. त्यांपैकी शिक्षा संपल्यावर कोणी तेथेच राहिले, कोणी परतले. बहुतेकांची नावे कोणाच्याही ओठी उरली नाहीत. मराठी प्रवाशाने त्या भिंतीपुढे क्षणभर थांबावे, याला एवढे कारण पुरेसे आहे.

या संग्रहालयाचा सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे बेलितुंग बेटाजवळ बुडालेल्या जहाजावरील माल. १९९८ साली समुद्रकाकडी गोळा करणाऱ्या पाणबुड्यांना हे जहाज इंडोनेशियाच्या समुद्रात आढळले. नवव्या शतकात चीनमधून पश्चिमेकडे निघालेले ते जहाज होते. त्यातून साठ हजारांच्या आसपास वस्तू निघाल्या. त्यांतील बहुसंख्य म्हणजे चीनच्या चांग्शा येथील भट्ट्यांत तयार झालेले वाडगे. मोठ्या रांजणांत ते वर्तुळाकार रचून भरलेले होते, म्हणून शेकडो वर्षे समुद्राच्या तळाशी राहूनही पुष्कळसे अभंग राहिले. त्यांतील एका वाडग्यावर कोरलेली तिथी इसवी सन ८२६ या वर्षाशी जुळते. त्यामुळे साऱ्या मालाचा काळ ठरविणे सोपे झाले. हजारो वाडगे सारख्याच आकाराचे, आणि प्रत्येकावर कुंचल्याचे दोनचार झटपट फटकारे! फूल, पक्षी, मासा, लाट. परदेशी गिऱ्हाइकासाठी घाऊक माल काढणारा कारागीर आजच्याच काळाचा नव्हे, हे ते वाडगे सांगतात.

परंतु मालापेक्षाही जहाज अधिक बोलके आहे. ते चिनी बांधणीचे नव्हते. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून दोरीने शिवलेल्या होत्या. ही पद्धत अरबस्तानापासून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पूर्वापार चालत आली. ओमान देशाने त्या जहाजाची प्रतिकृती तशाच रीतीने बांधवून घेतली. ती २०१० साली मस्कतहून शिडांच्या बळावर सिंगापुरास पोहोचली आणि ओमानने ती सिंगापूरला भेट दिली. आपल्याकडेही अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्राच्या आधारे असेच शिवलेले जहाज गोव्यात बांधण्यात आले आणि ‘कौंडिण्य’ या नावाने २०२५ साली कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. मराठी मुलखातील डोंगरात रंगविलेले गलबत आणि सिंगापूरच्या काचेच्या कपाटातील वाडगे हे एकाच समुद्रव्यवहाराचे दोन दुवे आहेत, हे तेथे उभे राहिले म्हणजे स्पष्ट दिसते.

तथापि या ठेव्यालाही एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. जहाजावरील माल व्यापारी तत्त्वावर, शासकीय परवाना घेऊन, घाईने वर काढण्यात आला. शास्त्रीय उत्खनन सावकाश चालते. कोणती वस्तू कोठे, कशाच्या शेजारी पडली होती याची त्यात नोंद होते. येथे तशी काळजी पुरती घेतली गेली नाही, असा आक्षेप अनेक पुरातत्त्वज्ञांनी घेतला. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेत भरावयाचे या मालाचे प्रदर्शन २०११ साली त्यावरूनच लांबणीवर पडले आणि पुढे ते रद्दच झाले. उलट पक्षी, तो माल तसाच राहिला असता तर चोरट्यांनी लुटला असता, असेही म्हटले जाते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. काचेमागील सुंदर वस्तू तेथवर कशी आली, हे विचारण्याची सवय मात्र प्रेक्षकाने सोडू नये.

तेथून थोड्या अंतरावर स्टॅम्फर्ड रस्त्यावर राष्ट्रीय संग्रहालयाची पांढरी, घुमटाची इमारत आहे. ती १८८७ साली उघडली. एके काळी या संग्रहालयाचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा. १८९२ साली मलाक्काच्या किनाऱ्यावर अडकलेल्या माशाचा तो सांगाडा सुमारे बेचाळीस फूट लांबीचा होता. १९०७ पासून तो तेथे टांगलेला होता. संग्रहालयाने पुढे इतिहासाकडे लक्ष वळविले, तेव्हा १९७४ साली तो मलेशियाला देण्यात आला. सिंगापुरातील एका पिढीच्या मनात मात्र तो अजून तेथेच टांगलेला आहे. पेढीतले मित्र त्या जिन्याशी आले, की आपोआप वर पाहतात. २०१५ साली राष्ट्रीय विद्यापीठात निसर्गेतिहासाचे नवे संग्रहालय उघडले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात जुराँग बेटाजवळ एक मृत देवमासा वाहत आला. त्याचा सांगाडा साफ करून पुढील वर्षी तेथे लावण्यात आला. आता नातवंडांना दाखविण्यास मित्रांजवळ पुन्हा एक देवमासा आहे. शहराने जे हातचे घालविले ते समुद्राने परत दिले, असे ते विनोदाने म्हणतात.

सगळेच काही परत येत नाही. नदीच्या मुखाशी पूर्वी एक प्रचंड शिळा होती आणि तिच्यावर पन्नासएक ओळींचा लेख कोरलेला होता. १८४३ साली बांधकामासाठी जागा करावयाची म्हणून ती शिळा सुरुंगाने उडविण्यात आली. जे थोडे तुकडे वाचले त्यांपैकी काही कलकत्त्याला पाठविले गेले. त्यातला एक पुढे सिंगापुरास परतला आणि तो राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रही आहे. त्यावरील अक्षरे अद्याप कोणास निश्चितपणे वाचता आलेली नाहीत. इंग्रज येण्यापूर्वी तेथे केवळ कोळ्यांची वस्ती होती असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. त्या सांगण्याला उत्तर देऊ शकणारा साक्षीदार अशा रीतीने आधीच मुका झाला होता. त्याच रस्त्यावर लाल विटांचे जे सार्वजनिक ग्रंथालय १९६० साली उघडले होते, तेही बोगद्याच्या रस्त्यासाठी २००४ साली बंद करून पाडण्यात आले. नागरिकांनी त्याविरुद्ध पुष्कळ लिहिले, बोलले. प्रवाशाने स्वतः तेथे बसून वर्तमानपत्रे वाचली होती. या खेपेस तो ते ग्रंथालय शोधू लागला, तेव्हा मित्रांनी नुसते हात पसरले.

आता पदांगकडे वळू. पदांग म्हणजे मैदान. सिंगापूरच्या मध्यभागी समुद्रालगत पूर्वी हे हिरवे मैदान होते. भर घातल्यामुळे समुद्र आता दूर गेला आहे. मैदानासमोर दोन भव्य इमारती आहेत. एक १९२९ सालचे नगरभवन, दुसरी १९३९ सालचे सर्वोच्च न्यायालय. प्रवाशाच्या पहिल्या मुक्कामात एकीत सरकारी कामे चालत आणि दुसरीत खटले. २००५ साली न्यायालय नव्या इमारतीत गेले. पुढे या दोन्ही वास्तू जोडून २०१५ च्या नोव्हेंबरात नॅशनल गॅलरी, म्हणजे राष्ट्रीय कलादालन, उघडण्यात आले. आग्नेय आशियाची अर्वाचीन चित्रकला एका छपराखाली पाहावयाची तर यासारखे दुसरे ठिकाण क्वचितच मिळेल. न्यायालयातील आरोपीचा पिंजरा आणि कैद्यांना थांबविण्याच्या दोन कोठड्या तेथे मुद्दाम राखल्या आहेत. न्यायालयाच्या कोनशिलेखाली १९३७ साली वर्तमानपत्रे आणि नाणी पुरून ठेवली आहेत. ती इसवी सन ३००० मध्ये उघडावयाची आहेत. ज्यांनी ती पुरली त्यांचे राज्य पाच वर्षांतच कोसळले, हा इतिहासाचा टोला लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या दालनात चुआ मिया टी या चित्रकाराचे १९५९ सालचे एक चित्र आहे. एका गोल टेबलाभोवती काही तरुण स्त्रीपुरुष बसले आहेत आणि मलय शिक्षक त्यांना मलय भाषा शिकवीत आहे. त्या वर्षी सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळाले होते आणि आपली सर्वांची एक भाषा असावी या उमेदीने चिनी मुले मलय शिकू लागली होती. फळ्यावर दोन साधे प्रश्न लिहिलेले आहेत : तुमचे नाव काय, आणि तुम्ही कोठे राहता. कोणत्याही भाषेचा हा पहिला धडा. परंतु ज्या शहरात बहुतेकांचे पूर्वज समुद्रापलीकडून आले, जेथे कारकुनाच्या लेखणीने नावे बदलली आणि सरकारच्या आराखड्याने पत्ते बदलले, तेथे या दोन प्रश्नांना साधे कसे म्हणावे? दोन्ही मित्र त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहतात. दोघांनीही लहानपणी हाच धडा गिरविला होता.

पदांगच्या याच भूमीवर दोन मित्रांच्या दोन आठवणी समोरासमोर येतात. भारतीय मनाला पदांग म्हटले की एकच दृश्य दिसते. ५ जुलै १९४३ रोजी नगरभवनासमोर सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेचे संचलन पाहिले आणि ‘चलो दिल्ली’ ही हाक दिली. २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी झाशीच्या राणीच्या नावाने स्त्रियांच्या पलटणीची छावणी सुरू झाली. सिंगापुरात डॉक्टरी करणाऱ्या लक्ष्मी स्वामिनाथन तिच्या नायिका होत्या. मलायातील रबराच्या मळ्यांवरील तमिळ मुली, ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता, एका मराठी राणीच्या नावाखाली बंदुका घेऊन उभ्या राहिल्या. तमिळ मास्तरांचे वडील त्या दिवशी पदांगवरील गर्दीत होते. आयुष्यात आपण ताठ उभे राहिलो तो तोच दिवस, असे ते मुलांना सांगत. बोस यांनी जुलै १९४५ मध्ये जवळच समुद्रकाठी आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाची पायाभरणी केली. ते स्मारक उभे राहते न राहते तोच परतलेल्या इंग्रजांनी सुरुंग लावून ते उडविले. १९९५ साली त्या जागी स्मृतिफलक बसविण्यात आला आहे.

पेढीतले मित्र हे सारे शांतपणे ऐकतात. पहिल्या मुक्कामात प्रवाशाने हाच विषय त्यांच्यापाशी मोठ्या उत्साहाने काढला होता आणि तेव्हाही ते असेच शांत होते. त्या शांततेचा अर्थ या खेपेस कळतो. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी बुकित तिमाह येथील फोर्ड मोटारीच्या कारखान्यात इंग्रज सेनापती पर्सिव्हल याने जपानी सेनापती यामाशिता याच्यापुढे शरणागती पत्करली. त्यानंतरच्या थोड्याच दिवसांत जपान्यांनी चिनी पुरुषांना ठिकठिकाणी एकत्र बोलावून त्यांची छाननी केली. ज्यांच्याविषयी संशय आला, आणि संशयाला फारसे कारण लागत नसे, त्यांना मोटारींत भरून समुद्रकाठी नेऊन ठार मारण्यात आले. मृतांचा आकडा जपानी पक्षाने पाच-सहा हजारांच्या आसपास मानला. चिनी समाजाचा अंदाज त्याच्या कितीतरी पट आहे. मित्रांचे थोरले चुलते अशाच एका छाननीला गेले ते परतले नाहीत. त्यांच्या आजीने कित्येक वर्षे जेवणाच्या वेळी त्यांचा वाडगा मांडणे सोडले नाही.

ज्या सैन्याच्या साह्याने एका मित्राच्या वडिलांना मान ताठ करता आली, त्याच सैन्याने दुसऱ्या मित्राचे घर उद्ध्वस्त केले होते. त्यातही तमिळांची कथा एकेरी नाही. त्याच मलायातून हजारो तमिळ मजूर सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेले गेले आणि रोगराईने व उपासमारीने जंगलात मेले. इतिहासाचे पुस्तक या गोष्टी निरनिराळ्या प्रकरणांत घालू शकते. एका टेबलाशी बसलेल्या मित्रांना ती सोय नसते.

वस्तुसंग्रहालयालाही ती नाही, हे २०१७ साली दिसून आले. फोर्डच्या त्या कारखान्यात २००६ पासून युद्धकाळाचे प्रदर्शन आहे. शरणागतीला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा ते नव्याने मांडण्यात आले आणि जपान्यांनी शहराला दिलेल्या ‘स्योनान’ या नावावरून दालनाचे नामकरण झाले. तो काळ विसरला जाऊ नये हाच त्यामागे हेतू होता. परंतु ज्यांच्या घरची माणसे त्या नावाखाली मारली गेली होती, त्यांना ते नाव दारावर सन्मानाने लावलेले सहन झाले नाही. वृद्धांनी आणि त्यांच्या मुलानातवांनी आपले दुःख जाहीरपणे बोलून दाखविले. काही दिवसांतच संबंधित मंत्र्यांनी क्षमा मागितली आणि ते नाव काढून टाकण्यात आले. नोंद खरी होती, तारीख खरी होती, नावही ऐतिहासिक सत्य होते. पण जी गोष्ट आतील कपाटात पुरावा म्हणून शोभते ती दारावरील पाटीवर शोभेलच असे नाही. हे संग्रहालयाला लोकांनी शिकविले, आणि संग्रहालयाने ते मानले. दोन्ही गोष्टी सारख्याच अभिनंदनीय आहेत.

पदांगपासून जवळच बीच रोडवर या युद्धात मारल्या गेलेल्या नागरिकांचे स्मारक आहे. युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी, १९६२ पासून, ठिकठिकाणच्या जमिनीतून अस्थी निघू लागल्या. त्या तेथे ठेवल्या आहेत. १५ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याचे अनावरण झाले. त्याचे दोनशे फुटांहून उंच असे चार स्तंभ पायथ्याशी एकत्र जोडलेले आहेत. चिनी, मलय, भारतीय आणि इतर, अशा चार समाजांची ती खूण. छाननीत मेले ते मुख्यतः चिनी होते. तरी स्मारक सर्वांचे करावयाचे असे ठरले. यात राज्यकर्त्यांचा व्यवहारी हिशेब होता असे कोणी म्हणेल. असेलही. पण ज्या नव्या देशाला वेगवेगळ्या आठवणींच्या माणसांना एकत्र नांदवावयाचे असते, त्याने शोकात दुसऱ्याला जागा करून दिली, ही लहान गोष्ट नव्हे. प्रवासी तेथे जातो तेव्हा तमिळ मास्तर बरोबर असतात. पेढीतले मित्र नमस्कार करून मागे सरतात आणि मग मास्तर पुढे होऊन फुले ठेवतात. या विषयावर दोघांत वाद झाल्याचे प्रवाशाला आठवत नाही. आणि एकाने दुसऱ्याचे मत बदलल्याचेही ऐकिवात नाही. मास्तरांच्या घरी नेताजींची तसबीर आहे. पेढीतले मित्र दर दिवाळीस त्या तसबिरीखाली बसून मुरुक्कू खातात.

सिंगापूरच्या भारतीय वस्तीत कॅम्बेल लेन येथे २०१५ सालापासून भारतीय वारसा केंद्र आहे. त्याची दर्शनी रचना आपल्याकडील पायऱ्यांच्या विहिरीवरून सुचलेली आहे. तेथे चेट्टिनाडचा कोरीव दरवाजा आहे आणि समुद्र ओलांडून गेलेल्या व्यापाऱ्यांची, मजुरांची व शिपायांची माहिती आहे. भारतीय प्रवासी स्वाभाविकपणे तेथे आधी धाव घेतो आणि समाधानाने परततो. परंतु तेवढेच पाहून परतणाऱ्याने आपलेच घर पाहिले, शहर पाहिले नाही. आझाद हिंद सेनेचा इतिहास पाहिलेल्याने फोर्ड कारखाना पाहिला पाहिजे, आणि फोर्ड कारखाना पाहिलेल्याने पदांगवरील तो फलक वाचला पाहिजे. एका दुपारी दोन्ही गोष्टी पाहणे जड जाते. म्हणूनच दुसऱ्या भेटीची गरज असते.

वस्तुसंग्रहालय आठवणींना टिकाऊ जागा देते. माणूस मरतो, घर पाडले जाते, पण वाडगा, शिळेचा तुकडा, न्यायालयाचा पिंजरा शाबूत राहतो आणि पुढच्या पिढीला प्रश्न विचारण्यास निमित्त मिळते. मित्र त्या आठवणींना आवाज देतो. कारकुनाने बिघडविलेले नाव, छताला नसलेला देवमासा, जेवणाच्या वेळी मांडलेला रिकामा वाडगा, हे संग्रहालयाला ठेवता येत नाही. संग्रहालय नसेल तर मित्राची आठवण त्याच्याबरोबर जाईल. मित्र नसेल तर काचेमागील वस्तू पाहून आपण केवळ आपल्या सोयीचा अर्थ घरी घेऊन जाऊ.

ही मित्रमंडळी आता थकत चालली आहेत. ज्यांनी १९४२ आणि १९४३ ही वर्षे जाणतेपणी पाहिली ते जवळजवळ सर्व गेले. ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकले ते सत्तरीला आले. म्हणून ज्याला एखाद्या परिचित नगरीकडे पुन्हा जावयाचे असेल, त्याने ते फार लांबणीवर टाकू नये. संग्रहालये उद्याही उघडी राहतील. तेथे आपल्याबरोबर चालत येऊन, जे कपाटात नाही ते सांगणारा मनुष्य उद्या असेलच, असे नाही.